पटावरचं नाव आणि बाकावरचं मूल

करळ फाट्यावरून उरणकडे वळलं की कंटेनर वाहणारे ट्रेलर सोबतीला येतात, ते थेट बंदरापर्यंत. न्हावा-शेवाचं बंदर 1989 मध्ये सुरू झालं आणि या तालुक्याचा आवाजच बदलला. रस्त्यालगतच्या शाळेत खिडक्या लावून बसायची सोय नाही. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात चाळीस मुलं कोंडून ठेवणार कशी? मग खिडक्या उघड्या, पंखा चालू, बाहेर ट्रेलर, शेजारच्या वर्गात पाढे. अशा वर्गात तिसरीतली एक मुलगी श्रवणयंत्र लावून चौथ्या बाकावर बसली आहे, असं समजू.

श्रवणयंत्र आवाज वाढवतं, पण बाईंचा आवाज कुठला आणि ट्रेलरचा कुठला हे निवडणं त्याला फारसं जमत नाही. बाई नेहमीच्या सुरात बोलल्या तर एका मीटरवर तो आवाज साधारण 60 ते 65 डेसिबल भरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. भिंतींमुळे वर्गात घट थोडी कमी असते, एवढंच. म्हणजे चार मीटरवरच्या बाकापर्यंत आवाज पन्नाशीच्या घरात उतरलेला असतो. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला बोलणं कळायचं तर ते आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किमान 15 डेसिबल वर हवं, अशी श्रवणतज्ज्ञांची शिफारस आहे. अमेरिकेत शाळांसाठी जे ध्वनिमानक आहे त्यात रिकाम्या वर्गातला गोंगाट 35 डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. आपल्याकडे नुसता पंखाच ती मर्यादा ओलांडतो. आणि गोंगाटात आधी बुडतात ती क्षीण व्यंजनं: स, श, फ, त. मराठीत त्यांच्यावर किती ओझं आहे पाहा. ‘आला का?’ आणि ‘आलास का?’ यांत फरक एका ‘स’चा, ‘आहे’ आणि ‘आहेत’ यांत एका ‘त’चा. मुलीला प्रश्न ऐकू येतो, पण तो आपल्याला विचारलाय की दुसऱ्या कुणाबद्दल, हे तिला कळत नाही. बाईंच्या वहीत मात्र नोंद होते, ‘लक्ष नसते’.

उपाय माहीत नाहीत असं नाही. पहिला बाक, तोही खिडकीपासून लांबचा. बाईंचा चेहरा मुलीकडे, कारण ओठ दिसले की अर्धं काम होतं. फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही. लिहून झालं की वळून बोलायचं. परवडलं तर बाईंच्या गळ्यात छोटा माइक आणि मुलीच्या यंत्रात त्याचा ग्राहक, म्हणजे मधलं अंतरच मिटलं. शेवटचं सोडलं तर हे सगळं फुकट आहे.

ही मुलगी पटावर आहे, रोज हजर आहे, शाळेच्या माहितीत ‘विशेष गरजा असलेली बालके’ या रकान्यात तिची नोंद आहे. कागदावर समावेशन पूर्ण झालं. जगभरात समावेशित शिक्षणाचं संशोधन गेल्या तीसेक वर्षांत ज्या दिशेने सरकलं, ती याच कागदाच्या पलीकडची. आधी प्रश्न होता, मूल साध्या शाळेत घालावं की नाही? मग विचारलं जाऊ लागलं, घातलं का आणि किती? आता विचारतात, वर्गात बसलेल्या त्या मुलापर्यंत तासातलं नेमकं काय पोचतं?

पहिल्या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे जुना आहे आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. कर्णबधिर मुलांची देशातली पहिली शाळा 1880च्या दशकात मुंबईत निघाली. 1900 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा. वेगळ्या मुलांसाठी वेगळी शाळा, हा तेव्हाचा शहाणपणा होता आणि त्या काळात तो मोठाच होता. 1964-66च्या कोठारी आयोगाने दिव्यांग मुलांचं शिक्षण सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच भाग असावं असं सांगितलं, 1974 मध्ये केंद्राने त्यासाठी एकात्म शिक्षणाची योजना आणली, 1994 मध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात जगभरच्या सरकारांनी समावेशक शाळेच्या बाजूने जाहीरनामा केला. पुढे 2009चा शिक्षण हक्क कायदा आणि 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्यातल्या दुसऱ्याने मान्य दिव्यांगत्वांची संख्या 7 वरून 21 वर नेली. कायद्यांची ही यादी बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, म्हणून इथेच थांबतो.

त्या यादीत न येणारं एक काम मात्र सांगायला हवं. मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांच्या शिक्षणासाठी. त्यांची मुलगी मालिनी हिलाही हा त्रास होता. पुढे ती झेवियर्समधून पदवीधर झाली. म्हणजे विशेष शाळांची ही चळवळ ज्यांनी उभी केली त्यातल्याच एक प्रमुख बाई. त्यांनी लंडन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो धोरणाचा: एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, 1975 पासून चालू असूनही दिव्यांग बालकं तिच्यातून गळतात कशी? सर्वांसाठी म्हणवणाऱ्या योजनेत ही मुलं कुणाच्या नजरेलाच पडत नव्हती. त्यानंतर अलूर यांच्या संस्थेने आपल्याच विशेष शाळांतली मुलं साध्या शाळांत पाठवायला सुरुवात केली आणि मुंबईच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांत दिव्यांग मुलं इतरांबरोबर बसवून काय होतं याचा अभ्यास केला. आयुष्यभर उभारलेली गोष्ट स्वतःच्या अभ्यासामुळे बदलायची तयारी ठेवणारी माणसं आपल्याकडे फार नाहीत.

नजरेला न पडण्याची ही गोष्ट उरणला लावून पाहू. 2011च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 60 हजार होती. त्या जनगणनेत महाराष्ट्रातलं दिव्यांगांचं प्रमाण 2.64 टक्के भरलं. तेच इथे धरलं तर उरणमध्ये चार हजारांहून थोडे जास्त दिव्यांग, आणि देशात वयाची जी विभागणी आहे ती लावली तर त्यांतले हजारेक जण 5 ते 19 या शाळेच्या वयातले. हा केवळ प्रमाणाचा हिशेब आहे, दारोदार जाऊन केलेली मोजणी नव्हे. पण खरी मोजणी तरी कितपत खरी असते? गणनेला आलेल्या गुरुजींनी ओट्यावर बसून ‘घरात कुणी अपंग आहे का?’ असं विचारलं की आई ‘नाही’ म्हणते. घरातल्या थोरल्या मुलीचं लग्न ठरायचं असतं. धाकट्याला नीट दिसत नाही हे तिला माहीत असतं, पण ‘अपंग’ हा शिक्का नको असतो.

इथे संशोधनाने एक साधी पण मोठी युक्ती केली. युनिसेफ आणि वॉशिंग्टन गट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सांख्यिकी तज्ज्ञांनी 2016 मध्ये मुलांसाठी एक प्रश्नावली आणली. तिच्यात अपंग हा शब्दच नाही. चष्मा लावूनही बघायला अडचण येते का? बरोबरीच्या मुलांपेक्षा चालायला? घराबाहेरच्या माणसांना त्याचं बोलणं कळतं का? मैत्री करायला जड जातं का? उत्तरं चार: काहीच अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, मुळीच जमत नाही. या पद्धतीने विचारायला लागल्यावर आकडे झपाट्याने बदलले. युनिसेफच्या 2021च्या अहवालात जगातल्या दिव्यांग मुलांची संख्या जवळपास 24 कोटी आली, म्हणजे दहा मुलांमागे एक. आपल्या जनगणनेने 2011 मध्ये मुलांमध्ये हे प्रमाण पावणेदोन टक्क्यांच्या आसपास दाखवलं होतं. मुलं तीच, प्रश्न वेगळा.

युनेस्कोसाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या चमूने 2019 मध्ये तयार केलेला भारतातल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा अहवाल जनगणनेच्याच आकड्यांवर उभा आहे, आणि तरीही तो अस्वस्थ करतो. पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश कुठल्याच शाळेत वा बालवाडीत जात नाहीत. 5 ते 19 वयोगटात चारातलं एक मूल शिक्षणाबाहेर आहे. शाळेत दाखल झालेल्यांत मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी, आणि वरच्या इयत्तांत गळती वाढत जाते. पाचव्या वर्षाचा तो आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बहिरेपण असो वा मेंदूचा पक्षाघात, पहिल्या पाच-सहा वर्षांत भाषा आणि हालचाल यांवर काम झालं तर पुढचं शिक्षण सोपं होतं. आपण पहिलीपासून समावेशनाची चर्चा करतो, तोवर निम्मा डाव झालेला असतो.

आता शिक्षकांकडे येऊ. मुंबईतल्या शाळांमधल्या शिक्षकांचा कला परशुराम यांनी केलेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण, अनुभवाची वर्षं अशा बऱ्याच गोष्टी शिक्षकांच्या दृष्टिकोनाशी ताडून पाहिल्या. दिव्यांग व्यक्तींविषयीच्या मतावर यांतल्या काहींचा परिणाम दिसला. पण दिव्यांग मूल आपल्या वर्गात असावं का, या प्रश्नावर फरक पाडणारी गोष्ट एकच निघाली: त्या शिक्षकाची कुणा दिव्यांग व्यक्तीशी आधी ओळख होती का. पदवी नव्हे, अनुभवाची वर्षं नव्हेत. आधीच कुणाशी ओळख असेल तर गुरुजी ‘येऊ द्या’ म्हणतात.

तीन वर्षांनी पुण्याचा अभ्यास आला. उमेश शर्मा, डेनिस मूर आणि संजीव सोनवणे यांनी 2009 मध्ये पुण्यातल्या भावी शिक्षकांचे, म्हणजे अजून शिकत असलेल्यांचे, दृष्टिकोन तपासले. ते काहीसे नकारात्मकच निघाले. नव्या पिढीत आपोआप बदल होईल या भरवशावर राहू नये, असं त्यातून दिसतं. अजय दास आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दिल्लीचं चित्र मांडलं: सर्वसाधारण शाळांतल्या सुमारे 70 टक्के शिक्षकांना विशेष शिक्षणाचं ना प्रशिक्षण होतं ना दिव्यांग मुलांना शिकवण्याचा अनुभव, आणि 87 टक्क्यांना वर्गात कुठलीही मदत मिळत नव्हती.

हे तिन्ही अभ्यास शेजारी ठेवले की प्रशिक्षणाच्या आपल्या रिवाजाबद्दल शंका येते. पंचायत समितीच्या सभागृहात दिवसभर पडद्यावर सरकचित्रं दाखवायची, 21 प्रकारांची नावं लिहून घ्यायची, चहा प्यायचा, सही करायची. यात शिक्षकाची एकाही दिव्यांग माणसाशी ओळख होत नाही. त्यापेक्षा वर्षातून दोन दिवस अंध शिक्षकाच्या हाताखाली तास घेतला, तर परशुरामांचा निष्कर्ष खरा असल्यास जास्त साधेल. कोळीवाड्यात किंवा आगरी गावात तसं मूल सगळ्यांच्या ओळखीचंच असतं. ते कुणाचं, त्याला काय आवडतं, भरतीच्या वेळी त्याला एकट्याला सोडायचं नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. ओळखीचं हे भांडवल शाळेच्या फाटकापाशी येऊन थांबतं, कारण बाई बाहेरगावाहून बसने येतात आणि साडेपाचला परत जातात. बाईंना दोष देत नाही. बदल्यांचं वेळापत्रक काही त्यांच्या हातात नसतं.

सगळ्यांत अवघड गट डोळ्यांना न दिसणाऱ्यांचा. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक पण वाचन-लेखन जमत नाही. महाराष्ट्राने 1996 मध्येच या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, इतर राज्यांच्या बऱ्याच आधी. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या क्लिनिकमधून सुनील करंदे आणि सहकाऱ्यांनी या मुलांवर बरंच लिहिलं आहे. त्यांच्याकडे आलेल्या मुलांत पाच-सहा वर्षांच्या वयात त्रास दिसू लागलेला असे आणि निदान अकराव्या वर्षाच्या सुमारास होई. मधली पाच-सहा वर्षं मूल ‘ढ’ म्हणून काढतं. आणि ही गोष्ट रुग्णालयापर्यंत पोचलेल्या मुंबईकर मुलांची.

उशीर होण्यामागे एक कारण आपल्या लिपीत आहे. ‘दिवस’ वाचताना डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि मग द, पण तोंडाने आधी द म्हणायचा आणि मग इ. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये देवनागरी वाचणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत या ऱ्हस्व वेलांटीचे शब्द वाचायला जास्त वेळ लागतो असं दिसलं. त्यात जोडाक्षरं मिळवा. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर काम करून 2007 मध्ये दाखवलं की भारतीय लिपींतली अक्षरं आत्मसात व्हायला चौथी-पाचवीपर्यंतही वेळ लागतो. इंग्रजीची 26 अक्षरं कुठे आणि बाराखडीची शेकडो कुठे. मग तिसरीतलं मूल ‘स्थिती’ला ‘सथती’ वाचत असेल, तर ते अजून शिकतं आहे की अडलं आहे? इंग्रजीसाठी बनवलेल्या चाचण्या इथे उपयोगाच्या नाहीत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये ‘डाली’ नावाची साधनं आणली, ती हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि मराठीतही आहेत, आणि त्यातली प्राथमिक चाळणी शिक्षकाला स्वतः करता येते. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे ॲप 2022 मध्ये आलं, तेही 21 प्रकारांची प्राथमिक चाळणी शाळेतच करण्यासाठी.

पण उरणच्या वर्गात आगरी बोलणारं मूल आहे, कातकरी वाडीवरचं कातोडी बोलणारं मूल आहे, बंदरावर कामाला आलेल्या परप्रांतीयाचं मूल आहे. पुस्तकातली मराठी यांतल्या कुणाच्याच घरची नाही. वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेलं कातकरी मूल पावसाळ्याआधी परत येतं, तेव्हा चार-पाच महिन्यांचं वाचन बुडालेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत या सगळ्यांना एकच शब्द आहे, अप्रगत. कोण न शिकवल्यामुळे मागे, कोण भाषेमुळे, कोण भूक आणि स्थलांतरामुळे आणि कोण खरोखर अध्ययन अक्षम, हे वेगळं करायला चांगलं शिकवून पाहणं हाच विश्वासाचा मार्ग आहे. काही आठवडे नेमकं, रोजचं वाचन घ्यायचं. बहुतेक मुलं पुढे सरकतात, जी सरकत नाहीत त्यांच्याकडे तज्ज्ञाने पाहायचं. निदान आधी आणि शिकवणं नंतर, हा आपला क्रम उलटा आहे.

तज्ज्ञ कुठे आहेत? वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, एका छपराखाली थेरपीपासून शिक्षणापर्यंत सगळं. खारघरला बौद्धिक दिव्यांगत्वाच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. दोन्ही उरणहून फार लांब नाहीत, पण वाशीचं केंद्र महापालिकेचं आणि उरण जिल्हा परिषदेचं. जिल्हा सामान्य रुग्णालय अलिबागला. करंजाहून लाँचने रेवस, तिथून पुढे बस, नाहीतर पेणवरून वळसा. आई मासळी विकून घर चालवत असेल तर प्रमाणपत्राच्या एकेका फेरीला एकेका दिवसाची कमाई जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर 10 विशेष मुलांमागे 1 आणि त्यापुढे 15 मुलांमागे 1 विशेष शिक्षक हवा असं सांगितलं आणि 2025 मध्ये राज्यांना पदं निर्माण करायला पुन्हा बजावलं. वरच्या हजार मुलांतली एक तृतीयांश प्राथमिकमध्ये धरली तर एकट्या उरणला नुसत्या प्राथमिकसाठीच तीसेक विशेष शिक्षक लागतील. गटसाधन केंद्राला जोडलेले विशेष शिक्षक सहसा बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यातून घारापुरीला जायचं तर बोट, आणि पावसाळ्यात समुद्र ठरवेल तेव्हा.

म्हणून अलीकडचं संशोधन विशेष शिक्षक आलेला नसतो त्या दिवसांकडे बघतं. लानी फ्लोरियन आणि क्रिस्टिन ब्लॅक-हॉकिन्स यांनी 2011 मध्ये मांडलेला विचार इथे कामाचा आहे: एका मुलासाठी वेगळा कागद काढून त्याला कोपऱ्यात बसवण्यापेक्षा, जे त्याला हवं ते सगळ्यांनाच उपलब्ध करा. हातचा घेऊन बेरीज शिकवताना काड्यांचे गठ्ठे सगळ्या वर्गाला दिले की ज्याला गरज आहे तो वापरतो, ज्याला नाही तो बाजूला ठेवतो, आणि कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही.

याने गुण वाढतात का? प्रामाणिक उत्तर गुंतागुंतीचं आहे. टॉमस हेअर यांच्या नेतृत्वाखाली 2016 मध्ये 25 देशांतल्या 280 अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यात दिव्यांग मुलांना फायदा दिसला आणि वर्गातल्या इतर मुलांचं नुकसान होत नाही असंही दिसलं. ‘आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडतो’ म्हणणाऱ्या पालकसभेला हे सांगायला हवं. पण 2022 मध्ये कॅम्पबेल संस्थेसाठी झालेला आढावा जास्त कडक निकषांचा होता आणि त्यात सरासरी परिणाम जवळपास शून्य आला, ना फायदा ना तोटा. विरोधकांनी तो लगेच उचलला. मला तो आकडा घाबरवत नाही. सरासरीत चौथ्या बाकावरची ती मुलगी आणि पहिल्या बाकावरची तशीच दुसरी मुलगी, दोघी ‘समावेशित’ म्हणूनच मोजल्या जातात. वर्गात काय केलं हे न मोजता फक्त जागा मोजली की शून्यच हाती येणार.

आणि जागा मोजणंच सोपं असतं. उताराचा रस्ता आहे का, कठडा आहे का, स्वच्छतागृह आहे का, रकाने भरता येतात. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 2012च्या दुरुस्तीने गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला, तोही असाच: नाव शाळेच्या पटावर, मूल घरात, आणि घरी कुणी आठवड्यातून किती वेळ गेलं हे मात्र कुणी विचारत नाही.

वर उल्लेख केलेले शिक्षकांचे अभ्यास मुंबई, पुणे, दिल्लीचे आहेत. कोळी, आगरी, कातकरी आणि बंदरावरच्या मुलांचा मिळून बनलेला वर्ग त्यांत नाही. त्यासाठी विद्यापीठाच्या अनुदानाची वाट पाहायचं कारण नाही. कृतिसंशोधन हा आपल्या शिक्षकांच्या ओळखीचाच प्रकार आहे. एका मुलाबद्दल महिनाभर तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: आज ते कुठे बसलं, त्याला किती वेळा प्रश्न विचारला, मधल्या सुट्टीत ते कुणाबरोबर होतं. पुढच्या महिन्यात जागा बदलायची, काड्यांचे गठ्ठे सगळ्यांना द्यायचे आणि त्याच तीन नोंदी पुन्हा करायच्या. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत मांडायला तेवढं एक पान पुरतं.